उतारवयातील दमसास आणि दुखापती

साठी उलटलेला एखादा गृहस्थ पहाटे रेणावीच्या वाटेने धावताना दिसला, की पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "या वयात हा कसला नाद?" दुसरा म्हणतो, "याची हाडेच निराळी." आमच्या मते दोघेही प्रश्नाला बगल देतात. वयामुळे शरीराचे नेमके काय होते, आणि निव्वळ बसून राहिल्यामुळे काय होते, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. तसे पाहिले म्हणजे म्हाताऱ्या धावपटूने दुखापतीशी कसे वागावे, याचे उत्तरही सापडू लागते.

या बाबतीत अमेरिकेतील डॅलस येथे झालेला एक प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. 1966 साली तेथील डॉक्टरांनी वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले आणि त्यांच्या श्रमशक्तीत किती घट होते ते मोजले. पुढे तीस वर्षांनी, 1996 साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा आढळले ते असे की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या निजून राहण्याने केले होते! नंतर सहा महिने हळूहळू चालणे, धावणे व सायकल चालवणे असा व्यायाम दिल्यावर त्यांची गेलेली श्रमशक्ती परत आली. पाच माणसांचा प्रयोग लहान खरा. पण त्याचा रोख स्पष्ट आहे. "दुखते ना? मग महिनाभर पडून राहा," हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

याचा अर्थ वय काहीच करत नाही असा नव्हे. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. नेटाने व्यायाम करणाऱ्यांत ही उतरण बरीच मंद असते. स्नायूंचे बळ कमी होते. टाचेमागच्या जाड शिरेसारख्या ज्या कंडरा असतात, त्यांना रक्तपुरवठा मुळातच बेताचा. त्यामुळे त्या सावकाश बळावतात आणि सावकाशच भरून येतात. येथेच खरी गोम आहे. व्यायाम सुरू केल्यावर हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. कंडरा आणि हाडे यांना मात्र महिने लागतात. दम म्हणतो, "चल पुढे," आणि टाच म्हणते, "थांब." उतारवयातील पुष्कळशा दुखापती या दोघांच्या भांडणातून उपजतात.

आपल्या भागातील उदाहरण घ्यावयाचे तर वारीचे घ्यावे. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा पल्ला तीन आठवड्यांच्या आत साठी-सत्तरीचे असंख्य वारकरी पायी काटतात. ज्यांचे वर्ष शेतात, बांधावर, गुरांमागे चालण्यात गेले, त्यांच्या पायांना ती वाट नवी नसते. उलट अकरा महिने पेढीवर वा खुर्चीवर बसून जो एकदम दिंडीत उभा राहतो, त्याच्या पोटऱ्या आणि टाचा लवकरच तक्रार करू लागतात. पल्ला दोघांना एकच, फरक तयारीचा. सातारा येथे 2012 पासून डोंगरी अर्धमॅरेथॉन भरू लागली. यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाऊन परत येण्याची ही एकवीस किलोमीटरांची धाव. तीत नवख्याला भीती वाटते चढाची. पण चढ दम काढतो आणि उतार मांड्या-गुडघे काढतो. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, म्हणून उताराचा सरावही वेगळा व थोडा थोडा करावा लागतो.

आता दुखापत झालीच तर काय करावे? पहिले दोन-तीन दिवस त्या भागाला आराम द्यावा, हे ठीक. 1978 साली डॉ. मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री रूढ केली होती. पण 2014 साली त्यांनीच सांगितले की, बर्फाने वेदना शमली तरी भरून येण्याचे काम लांबू शकते. त्यानंतरचे खरे औषध म्हणजे मोजका भार. 1998 साली स्वीडनमधील अल्फ्रेडसन यांनी टाचेमागची शीर जुनाट दुखणाऱ्या पंधरा मध्यमवयीन धावणाऱ्यांना पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम दिला. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते सर्व जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले.

भार किती घ्यावा, यासाठी आम्ही एक सोपा हिशेब सुचवतो. असह्य वेदना म्हणजे रुपया धरला, तर व्यायाम करताना दुखणे चार आण्यांपलीकडे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेले नसावे. वाढले असल्यास भार कमी करावा. पण सगळाच सोडू नये. पाय दुखावला म्हणून हृदयाने का उपाशी राहावे? धाव बंद असेल तेव्हा सायकल आहे, पोहता येणाऱ्यास विहीर आहे, निदान हातांचे व्यायाम तरी आहेतच.

बळाचा व्यायाम तर मुळीच टाळू नये. 1990 साली बॉस्टन येथे सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या मांड्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. आपल्याकडे तालमीचा वारसा आहे. जोर-बैठका पूर्वीइतक्या नकोत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हीदेखील बैठकच होय.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या नाहीत. छातीत दाटणे, भोवळ येणे, हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल अशी व रात्री जागवणारी वेदना, एकाच पोटरीची सूज, टाचेमागे काही तुटल्यासारखा आवाज होणे, यांपैकी काही झाल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. मधुमेह्याने रोज तळपाय पाहावेत. वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात धावू नये. घामाने पाणी घटलेले असता ती मूत्रपिंडाला बाधते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील जंतुनाशक औषधांनी साठीनंतर कंडरा दुखावण्याचा धोका वाढतो, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कॅनडातील एड व्हिटलॉक यांनी 2004 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, 42 किलोमीटरांची मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटांत पुरी केली. दुखापतींनी त्यांचे धावणे अनेकदा दीर्घकाळ बंद पडले. पण ते पुन्हा धावू लागत. 2016 साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी तेच अंतर चार तासांच्या आत कापले. सर्वांना असे जमणार नाही, आणि जमावे असेही नाही. पण आपल्या नेहमीच्या पल्ल्याचा चौथा हिस्सा तरी दुखण्याच्या दिवसांत चालू राहावा, आणि बरे वाटताच एकदम पूर्ण पल्ल्याला हात न घालता आठवड्या-आठवड्याने तो वाढवावा, एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. आषाढीला पंढरीस जावयाचे असेल, तर चालण्यास फाल्गुनातच आरंभ करावा.