चारसूत्री भात भोर-वेल्ह्यात परवडतो का? आधी 10 गुंठ्यांचा हिशेब करा

1987 मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी हा वाण आला. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातला हा वाण भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत घरोघर पोहोचला. भात स्वपरागी पीक असल्याने एकदा शुद्ध बियाणे आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच वापरता येते. शेत पाच गुंठे असो की पाच एकर, आवणीची पद्धत बदलावी लागत नाही.

डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री पद्धतीचे तसे झाले नाही. पेंढा व तुसाच्या राखेचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित आवणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या ही तिची चार सूत्रे. पहिली दोन घरच्या घरी होतात. गाडी अडते ती पुढच्या दोन सूत्रांवर.

आपल्या उताराच्या खाचरांत पाणी वरच्या बांधावरून खालच्या खाचरात वाहते, आणि फोकलेला युरिया त्याबरोबर जातो. गोळी चिखलात 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचली की नत्र तिथेच धरून राहते. त्यासाठी दोरीवर 15 व 25 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून खुणा करून आवणी करावी. चुडात 2-3 रोपे लावावीत आणि 15 बाय 15 च्या प्रत्येक चौकोनात, चार चुडांच्या मध्ये, 2.7 ग्रॅमची एक गोळी त्याच दिवशी द्यावी. 10 गुंठ्यांना साधारण 6,300 गोळ्या, म्हणजे 17 किलो लागतात.

आता हिशेब. शिफारशीप्रमाणे 10 गुंठ्यांना सुमारे 10 किलो नत्र लागते, गोळ्यांतून 6 किलोत भागते. वाचले 4 किलो, म्हणजे 9 किलो युरिया. पण 45 किलोची गोणी अनुदानामुळे 266 रुपये 50 पैशांना मिळते. बचत पन्नास-साठ रुपयांची! खतबचतीचे गणित सांगून ही पद्धत गळी उतरवणाऱ्या आम्हा कृषीवाल्यांचे इथेच चुकते.

दोरीवरच्या आवणीला आणि गोळ्या खोचायला जादा माणसे लागतात. समजा मजुरी 400 रुपये आणि भात 25 रुपये किलो. दोन जादा मजूर म्हणजे 32 किलो भात. खतातली बचत वजा केली तरी 10 गुंठ्यांत 30 किलो उत्पादन वाढलेच पाहिजे. आज 4 क्विंटल येत असतील तर ही साडेसात टक्के वाढ झाली. पाणी धरणाऱ्या खाचरात ती मिळणे माझ्या मते अवघड नाही. पाणी भराभर झिरपणाऱ्या हलक्या जमिनीत मात्र गोळीच्या नादी लागू नये.

घरचे मनुष्यबळ फुकट धरू नका. वाकून गोळ्या खोचतात त्या बहुतेक घरातल्या बायका. त्यांचा दिवसही 400 रुपयांचाच धरा. ज्या वाडीत अजून सावड चालते तिथे हा भार वाटला जातो. म्हणून गटाने एकच दोरी फिरवावी आणि पहिल्या वर्षी प्रत्येकाने दोनच गुंठे करावेत. शेजारच्या दोन गुंठ्यांत नेहमीची आवणी ठेवून दोन्हींचा भात वेगळा झोडावा व वेगळा मोजावा.

गोळ्या आवणीच्या आधीच मागवून ठेवा. पावसाळी हवेत त्या पाणी ओढून विरघळतात, त्यामुळे पिशवीचे तोंड आवणीच्या दिवशीच उघडावे.