फोन वळवून ठेवताना…

ज्यांचं बालपण चाळीत किंवा वाड्यात गेलं, त्यांना 'पी. पी. नंबर' आठवत असेलच. घरात फोन नसायचा. मग लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापायचा आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं लिहायची. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, "अहो, तुमचा फोन आलाय होऽ!" की आपण पदराला हात पुसत धावत सुटायचो. त्याचं बिल येत नसे. पण श्रीखंडाची वाटी, संक्रांतीचं वाण असं काही ना काही त्या घरी जायचंच. फुकट काहीच नव्हतं!

आता प्रत्येकीच्या हातात स्वतःचा फोन आहे. तरीही आपल्या नावाचा फोन दुसरीनं घ्यावा, अशी वेळ येतेच. त्यासाठी मोबाइलमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग'ची सोय असते. आपल्या नंबरवर आलेला फोन आपण सांगू त्या दुसऱ्या नंबरवर वळतो.

आमच्या वन्संचंच उदाहरण घ्या. त्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. बारा वर्षं एकच नंबर. चकलीच्या पिशवीवरसुद्धा तोच छापलेला. मागच्या वर्षी ऐन सीझनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना नाशिकला जावं लागलं. "गिऱ्हाईकाचा फोन उचलला नाही, की ते दुसरीकडे गेलंच समज," असं म्हणून त्यांनी फोन आपल्या जाऊबाईंच्या नंबरवर वळवला. जाऊबाईंनी वहीत ऑर्डरी लिहून घेतल्या आणि महिन्याभरात एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग फोनच जाऊबाईंकडे ठेवायचा होता! पण बँकेचे ओटीपीचे मेसेज त्याच फोनवर येतात ना? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वळतात ते फक्त साधे कॉल. मेसेज वळत नाहीत, व्हॉट्सॲपवरचे कॉलही वळत नाहीत. ते तुमच्याच फोनवर येत राहतात. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी वन्सं रोज रात्री जाऊबाईंना वाचून दाखवत.

फोन वळवण्याचे चार प्रकार आहेत: सगळेच कॉल वळवणं, फोन बिझी असताना वळवणं, उचलला नाही तर वळवणं, आणि बंद किंवा आवाक्याबाहेर असेल तर वळवणं. रोजच्या घरगुती वापराला तिसरा प्रकार उत्तम. आई आंघोळीला गेली असेल किंवा तिला रिंग ऐकू आली नसेल, तर दवाखान्याचा फोन आपोआप तुमच्याकडे येतो. फोनमधल्या कॉल सेटिंग्जमध्ये हे पर्याय सापडतात. नाही सापडले, तर कंपनीच्या कस्टमर केअरला विचारावं.

आता खर्चाचं बघू. भारतात २००३ सालच्या मे महिन्यापासून मोबाइलवर येणाऱ्या फोनचे पैसे आपल्याला पडत नाहीत, करणारा भरतो. पण वळवलेल्या फोनचं तसं नाही हं! गिऱ्हाईक तुमच्या नंबरपर्यंत आपल्या पैशानं येतं; तिथून जाऊबाईंपर्यंतचा कॉल तुमच्या नावावर पडतो. तुमच्या पॅकमध्ये कॉल अमर्याद असले, तरी वळवलेले कॉल त्यात धरतात का, हे आधी विचारून घ्या. पहिल्या दिवशी एकच कॉल वळवून बघावा आणि लगेच बॅलन्स तपासावा. आणि तुमचा नंबर चालू राहायला हवा, म्हणजे त्याचा रिचार्ज चुकवून चालणार नाही.

परदेशी मुलाकडे जाणार असाल तर आणखी जपा. तिथे तुमचं सिम रोमिंगवर चालू असताना 'उचलला नाही तर' असा पर्याय भारतातल्या नंबरवर लावलेला असला, की इथून आलेला फोन आधी तिथे जातो आणि तिथून परत इथे वळतो. जाण्याचे आणि येण्याचे, असे दोन्ही पैसे तुमच्या माथी पडू शकतात! त्यामुळे निघण्यापूर्वी असे पर्याय बंद केलेले बरे. 

पण पैशापेक्षा मोठी जोखीम वेगळीच आहे. "ताई, कुरिअरमधून बोलतोय. पार्सल अडकलंय, जरा हा नंबर लावता का?" असा गोड आवाजात फोन येतो. सांगितलेल्या नंबरची सुरुवात *२१* किंवा *४०१* अशी असते आणि पुढे दहा आकडे असतात. ते लावले, की तुमचे फोन त्या भामट्याकडे वळतात! बँकेचा खात्री करणारा फोन असो की व्हॉट्सॲपचा कोड सांगणारा, तोच उचलतो. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड लावून फोन वळवण्याची सोय बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तरी आपण सावध असलेलं बरं. अनोळखी माणसानं चांदणी किंवा हॅश असलेला कुठलाही नंबर लावायला सांगितला, तर सरळ फोन ठेवून द्या. चुकून लावलाच, तर ##००२# लावून सगळं वळवणं रद्द करता येतं. सेटिंग्जमध्येही बघून खात्री करा. तसं न जमल्यास कस्टमर केअरला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

वन्संची गोष्ट अजून संपली नाही बरं का. त्या नाशिकहून परत आल्या, पण वळवलेला फोन परत घ्यायला विसरल्या! दोन दिवस फोन गप्प. दिवाळी झाली, आता कोण फोन करणार, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी जाऊबाई धावत आल्या. "अहो, तुमच्या लेकीचा फोन माझ्याकडे आलाय. बाळाला रात्रीपासून ताप आहे, आई फोन का उचलत नाही म्हणून रडतेय ती!" बाळ पुढे बरं झालं. पण तो एक तास वन्सं अजून विसरलेल्या नाहीत.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरलाय. फोन वळवला, की परतीची तारीख कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारीच. गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारी ठेवतो. ती विश्वासाच्या माणसाकडेच ठेवतो आणि आल्याबरोबर मागून घेतो. फोनचंही तसंच करा. आज फोन हातात आहेच. तर सेटिंग्ज उघडून एकदा बघा बरं, तुमचे फोन कुठे वळलेले नाहीत ना?