रुपयाचें रूप
(स्मारक नाण्यांच्या संचांविषयीं)

‘रुपया’ हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. परंतु त्याच्या पोटांत ‘रूप’ आहे, याचें स्मरण फार थोड्यांस असतें. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत ‘रूप’ शब्दापासून ‘रूप्य’ हा शब्द साधतांना त्याचे दोन अर्थ दिले आहेत. एक ‘आहत’, म्हणजे ठसा ठोकून ज्यावर रूप उमटविलें आहे तें. आणि दुसरा प्रशस्त रूपाचें, म्हणजे सुंदर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत टांकसाळीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास ‘लक्षणाध्यक्ष’ म्हटलें आहे, व चलनांतील नाणें पारखणाऱ्यास ‘रूपदर्शक’. धातु कोणता व वजन किती हें सोनारहि सांगूं शकेल. परंतु त्या धातूस नाणेंपण येतें तें त्यावरील रूपानें, ही समज आपल्या पूर्वजांस होती. हल्लीं ज्यांस ‘प्रूफ संच’ म्हणतात, त्या स्मारक नाण्यांविषयीं चार शब्द लिहितांना हा जुना ‘रूपदर्शक’ आम्हांस डोळ्यांपुढें ठेवावासा वाटतो.

आमच्या चाकुरासारख्या तालुक्याच्या गांवींहि हे डबे आतां येऊन पोहोंचले आहेत. कोणाचा मुलगा मुंबईस नोकरीस असतो, तो टांकसाळींतून एखादा संच घेऊन वडिलांस देतो. कोणी टपालानें मागवितो. कोठें मुंजींत आहेर म्हणून येतो. घरीं आल्यावर मात्र त्यांची गति बहुधा दोन प्रकारचीच होते. एक तर ते कपाटाच्या आंतल्या कप्प्यांत सोन्याशेजारीं जाऊन बसतात, किंवा लक्ष्मीपूजनाच्या तबकांत. ते उघडून वाचणारें घर विरळा. आणि वाचावयाचे नसतील, तर हे संच घेण्यांत फारसा अर्थ नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रूफ म्हणजे काय?

हा शब्द वाचकांस छापखान्यामुळें परिचित आहे. तेथें प्रूफ म्हणजे चुका शोधण्याकरितां काढलेली कच्ची प्रत. टांकसाळींतहि आरंभीं अर्थ असाच होता. नवा ठसा नीट उतरला आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां व वरिष्ठांची संमति घेण्याकरितां कांहीं नाणीं विशेष काळजीनें पाडीत. पुढें हीं नाणींच शोकिनांस इतकीं आवडूं लागलीं कीं, त्यांची एक निराळी जात झाली. बाजारांतलें नाणें यंत्राच्या एका ठोक्यांत तयार होतें आणि हजारों भावंडांबरोबर राशींत जाऊन पडतें. प्रूफ नाण्याचा ठसा व कोरी चकती हीं दोन्हीं घासून गुळगुळीत केलेलीं असतात. चकतीवर अधिक दाबानें दोन किंवा अधिक वेळां ठसा बसवितात, आणि तयार नाणें कांठांस धरून उचलितात. म्हणून त्याची मोकळी जागा आरशासारखी चकाकते, व आकृति मात्र दंव पडल्यासारखी शुभ्र आणि धुरकट दिसते.

आपल्याकडील अलीकडच्या पुष्कळ संचांत एकाच प्रसंगाचीं दोन नाणीं असतात. एक मोठें, रुप्याच्या मिश्रणाचें, व दुसरें लहान, पांच किंवा दहा रुपयांचें. मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा या चार सरकारी टांकसाळी २००६ सालीं स्थापन झालेल्या सरकारी निगमाच्या ताब्यांत आहेत. नाण्याचा व्यास, धातु व दोन्हीं बाजूंवरील मजकूर भारत सरकारच्या राजपत्रांत प्रसिद्ध होतो. ज्याच्या घरीं जिज्ञासु विद्यार्थी आहे, त्यानें तो मजकूर मिळवून नाण्याशीं ताडून पाहावा.

नाणें वाचावें कसें?

स्वतंत्र भारताचें पहिलें स्मारक नाणें १९६४ सालीं, पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालें. त्यानंतर १९६९ सालीं महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया व रुप्याचे दहा रुपये अशीं चार नाणीं निघालीं. यांतील वीस पैशांचें नाणें अजूनहि पुष्कळ घरांत सांपडतें. तें मुलाच्या हातीं देऊन ‘हें कोणत्या सालचें?’ असें विचारावें. नाण्यावर ‘१८६९–१९४८’ एवढेच आंकडे आहेत, त्यामुळें मुलगा बेधडक १९४८ सांगेल. मग त्यास म्हणावें, “अरे, १९४८ सालीं पैसे होते, पण वीस पैशांचें नाणें कसें असेल? तेव्हां तर रुपयाचे सोळा आणे होते.” दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ रोजीं सुरू झालीं. त्यावेळीं त्यांस ‘नये पैसे’ म्हणत. ‘नये’ हा शब्द १९६४ च्या जूनमध्यें गळाला. या नाण्यावर नुसतें ‘पैसे’ आहे. म्हणजे तें १९६४ च्या नंतरचें. आतां १८६९ मध्यें शंभर मिळविले कीं उत्तर हातीं येतें. अर्ध्या घटकेच्या या संवादांत मुलास जितका इतिहास समजतो, तितका धड्याच्या चार पानांत समजत नाहीं, हा आमच्या शिक्षकपेशांतील अनुभव आहे.

दुसरी रीत म्हणजे दोन नाणीं शेजारीं ठेवून वाचणें. १९७२ सालीं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचें नाणें निघालें. महाराष्ट्रांत बहात्तरचा दुष्काळ ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्या सालाची निराळी आठवण देण्याचें कारण नाहीं. पुढच्याच वर्षींच्या, १९७३ च्या नाण्यावर ‘अधिक धान्य पिकवा’ असा घोष आहे. तो घोष जागतिक अन्न व शेती संघटनेच्या मोहिमेंतला, केवळ आपल्या दुष्काळासाठीं नव्हे. तरी खडी फोडून मजुरी मिळविलेल्या पिढीनें तीं दोन नाणीं एकत्र पाहिलीं, तर तिला त्यांत आपलें घर दिसल्यावांचून राहणार नाहीं. १९७० पासून पुढें कित्येक वर्षें आपल्या स्मारक नाण्यांवर थोर पुरुषांपेक्षां असे घोषच अधिक आले. सर्वांस अन्न, नियोजित कुटुंब, विकासाकरितां बचत, ग्रामीण स्त्रियांची प्रगति, हे त्यांचे विषय. १९८७ चा एक रुपया लहान शेतकऱ्यांचा आहे, आणि १९८८ चा पावसावर अवलंबून असलेल्या शेतीचा. आमची सारी पंचक्रोशी कोरडवाहू. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाचा गौरव देशाच्या नाण्यावर झाला होता, ही गोष्ट येथील किती मुलांस ठाऊक आहे?

तिसरी गोष्ट टांकसाळीच्या खुणेची. सालाच्या खालीं बारीक नजरेनें पाहावें. हैदराबादची खूण तारा, मुंबईची चौकट, नोएडाची टिंब. कोलकात्याची कांहींच नाहीं. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वीं ‘बी’ हें इंग्रजी अक्षर असे. शहराचें नांव बदलल्यावर त्याच्या जागीं ‘एम्’ आलें. एका अक्षरांत एका नगराच्या नामांतराचा इतिहास सांठविलेला आहे.

गौरवाच्या तीन रीती

महाराष्ट्रास आपले वाटणारे पुरुष नाण्यांवर आले आहेत. संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया व छत्रपति शिवाजी महाराजांचे दोन रुपये हीं दोन्हीं नाणीं १९९९ सालचीं. संत तुकारामांचे दोन रुपये २००२ सालचे. लोकमान्य टिळकांचा संच २००७ सालचा. डॉ. आंबेडकरांचें एक रुपयाचें नाणें १९९० सालीं शताब्दीनिमित्त निघालें, आणि १२५ व्या जयंतीच्या वर्षीं, ६ डिसेंबर २०१५ रोजीं, १२५ रुपयांचें व दहा रुपयांचें अशीं दोन नाणीं प्रकाशित झालीं. मोठ्या नाण्याची किंमत वर्षांच्या संख्येइतकी ठेवण्याचा हा प्रघात हल्लीं रूढ झाला आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास सहस्र वर्षें झालीं, तेव्हां २०१० सालचें नाणें १००० रुपयांचें निघालें. आणि कायद्यानें नाण्याची कमाल मर्यादाहि तीच आहे. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसले वंशाचा इतिहास मराठींत कोरविला आहे, हें आम्ही वाचकांस मुद्दाम सांगूं इच्छितों.

परंतु थोर पुरुषाचा गौरव मुखवट्यानेंच होतो असें नाहीं. महाराजांच्या दोन रुपयांवर त्यांचें चित्र आहे. त्यांनीं स्वतः पाडलेल्या तांब्याच्या शिवराईवर मात्र चित्र नाहीं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढींच अक्षरें. राज्याभिषेक झालेल्या राजानें आपल्या लिपींत आपलें नांव लिहिलें, तेवढें पुरे झालें. तिसरी रीत वास्तूची. गुरु गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशोत्सवाचें ३५० रुपयांचें नाणें जानेवारी २०१९ मध्यें प्रकाशित झालें. त्यावर गुरूंचें चित्र नसून पाटण्याचें तख्त हरिमंदिर आहे. ज्यांच्या जीवनाची समाप्ति १७०८ सालीं आमच्या शेजारच्या नांदेडांत झाली, त्यांच्या नाण्यावर पाटणा कां, असें एखादा विचारील. उत्तर त्या नाण्यावरच आहे : ‘१६६६’ हें जन्माचें साल, आणि जन्म पाटण्याचा.

वास्तूचें नाणें पाहावयास मराठवाड्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, व आजोबांच्या ट्रंकेंत हाली सिक्क्याचा रुपया अजूनहि निघतो. त्यावर राजाचा मुखवटा नाहीं, चारमिनार आहे. मधल्या कमानींत भिंग लावून पाहिलें, तर एक बारीक अक्षर दिसतें; मीम असेल तर तो महबूब अली खानाचा, ऐन असेल तर उस्मान अली खानाचा. ज्या सैफाबादच्या टांकसाळींत १९०३ पासून काम चालूं होतें, तिच्या जुन्या इमारतींत २०२२ सालीं संग्रहालय उघडलें आहे. उदगीर-बिदरच्या वाटेनें हैदराबादेस जाणाऱ्यानें मुलांना तें अवश्य दाखवावें.

किंमत व मोल

आतां व्यवहाराचें बोलूं. अलीकडील मोठ्या नाण्यांपैकीं पुष्कळ नाणीं ३५ ग्रॅम वजनाचीं, व त्यांत शेंकडा ५० भाग रुपें, ४० तांबें, ५ निकेल व ५ जस्त असें मिश्रण असतें. म्हणजे रुपें साडेसतरा ग्रॅम. जुन्या हिशेबानें दीड तोळा. केवळ रुपेंच हवें असेल त्यानें सराफाकडे जावें; तेथें तें अधिक शुद्ध मिळेल. संच घेणारा या दीड तोळ्याखेरीज रूपाचे पैसे देतो. तें रूप जो पाहणार नाहीं, त्याचा व्यवहार तोट्याचा.

याहून वाईट तोटा भोळेपणाचा. अमुक नाणें घरीं असेल तर लाखों रुपये मिळतील, अशा जाहिराती हल्लीं प्रत्येकाच्या फोनवर येतात. २०१२ सालच्या माता वैष्णोदेवीच्या नाण्यांविषयीं तर घरोघर अशी आशा पसरलेली आम्हीं पाहिली. विक्री करून देण्याच्या मिषानें आधीं ‘शुल्क’ म्हणून पैसे मागावयाचे, ही त्यांतली युक्ति. जुनीं नाणीं व नोटा यांच्या विक्रीसाठीं आमच्या नांवानें कोणी शुल्क किंवा दलाली मागितल्यास देऊं नये, आम्ही अशा व्यवहारांत नाहीं, असें रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें आहे. घरांतील वृद्धांस हें सांगून ठेवणें तरुणांचें कर्तव्य होय.

घरांतील व्यवस्था

आमच्या परिचयाच्या एका घरीं दिवाळींत असें झालें. लक्ष्मीपूजनाकरितां कपाटांतला डबा काढला, आणि धाकट्या सूनबाईंनीं देवाच्या उपकरण्यांबरोबर तें मोठें नाणेंहि चिंच व राख लावून लख्ख घासलें. आरशासारखी पाठ एका घटकेंत ओरखड्यांनीं भरली. मामंजी संतापले. परंतु आमच्या मतें त्यांत सूनबाईंचा दोष मुळींच नव्हता. पूजेचें रुपें घासावें, हेंच तिला माहेरीं व सासरीं शिकविलें होतें. पांच वर्षें डबा कुलपांत होता, आणि त्यांत काय आहे हें मामंजींनीं घरांत एकासहि सांगितलें नव्हतें. जें धन एकाच माणसास ठाऊक असतें, तें त्याच्या पश्चात् मोडींत जावें यांत नवल काय?

म्हणून नियम थोडे व सर्वांस ठाऊक असावेत. नाणें पारदर्शक डबींतून बाहेर काढूं नये. काढलेंच तर कांठांस धरावें. घासूं नये, पुसूंहि नये. धूप-उदबत्तीच्या धुरांत व ओलसर भिंतीशीं ठेवूं नये. रबर व मऊ प्लास्टिकची पिशवी टाळावी. पूजेस दुसरें नाणें वापरावें. वांटणीची वेळ आली, तर संच फोडूं नये. एक भाऊ मोठें व दुसरा लहान नाणें घेऊन गेला, तर दोघांकडेहि संच उरत नाहीं. एकानें तो ठेवावा व दुसऱ्यास त्याचें मोल द्यावें.

शेवटीं एक सूचना. संग्रहाबरोबर एक वही ठेवावी. प्रत्येक नाण्यास एक पान. वर साल, धातु, वजन, टांकसाळीची खूण व दोन्हीं बाजूंचें वर्णन मुलांनीं आपल्या हातानें लिहावें. आणि खालीं त्या साली आपल्या घरांत काय घडलें, तें आजी-आजोबांनीं सांगावें. १९७२ च्या पानावर आजी काय सांगतील, हें आम्ही जाणतों. १९८८ च्या पानावर पाऊस कसा झाला, हें गांवांतले शेतकरी सांगतील. दसऱ्यास शस्त्रें व पोथ्या काढतों, त्या दिवशीं हा डबा व ही वही काढून सर्वांनीं एकदां पाहावी, म्हणजे धाकट्यांनाहि त्या डब्यांत काय आहे तें ठाऊक राहील.