अडुळशाचा अर्क आणि फ्लूचा विषाणू

काढा घेतला आणि ताप उतरला, एवढ्यावरून वनस्पतीने फ्लूचा विषाणू रोखला असं म्हणता येत नाही. फ्लू बहुतेकदा आठवडाभरात आपोआपच बरा होतो. म्हणून अर्क थेट विषाणूसमोर ठेवून पाहावा लागतो. मुंबईच्या हाफकिन संस्थेत अडुळशाच्या अर्काची अशी तपासणी झाली आहे.

त्यातली एक जुनी चाचणी नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्याशा खळग्यांत कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी सोडतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी साचून लाल ठिपका दिसतो. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींशी जखडतो, त्यांची जाळी पसरते आणि ठिपका उमटतच नाही. विषाणूसोबत अर्क घालूनही ठिपका आला, तर विषाणूची पकड सुटली. मात्र फसगतही इथेच होते: तुरट वनस्पतींतली टॅनिनं कुठल्याही प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे गुणकारी नसलेला अर्कही गुणकारी वाटतो.

पुढची परीक्षा जिवंत पेशींवर. १९५८ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींचा वाण यासाठी आजही जगभर वापरतात. अर्काने पेशीच मेल्या तर विषाणू वाढणार कुठे? म्हणून पेशींना किती अर्क सोसतो, हेही मोजायलाच हवं. माझ्या मते, हा आकडा न देता केलेला दावा विश्वासाचा नाही.

वनस्पतीतून फ्लूवरचं औषध घडूही शकतं: ‘टॅमिफ्लू’ हे असं औषध चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनवता येतं. पण बऱ्याच रासायनिक प्रक्रियांनंतर. चक्रीफुलाचा काढा त्याची जागा घेऊ शकत नाही.