आनंद श्रावकाचा पंचा

श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आली आहेत. त्यांतील पहिला आनंद गाथापती, वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामाचा रहिवासी. गावाच्या नावातच वाणिज्य आहे आणि आनंदाचा पसारा त्या नावाला साजेसा होता. चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा दहा हजार गाईंची चार गोकुळे. पाचशे नांगरांची शेती. दूरदेशी जाणाऱ्या पाचशे गाड्या आणि जवळपासच्या ने-आणीसाठी आणखी पाचशे. भगवंतांसमोर त्याने बारा व्रते घेतली, तेव्हा या संपत्तीतील काही टाकून दिले नाही. जे आहे त्यापलीकडे जाणार नाही, एवढीच सीमा त्याने आखली.

सूत्राचा हा भाग प्रवचनांतून आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. त्याच्या पुढचा भाग मात्र घाईने वाचला जातो. उपभोग-परिभोगाची मर्यादा घेताना आनंद एकेका वस्तूचे नाव घेऊन बोलतो. स्नानानंतर अंग पुसायला एकच सुगंधी काषाय पंचा, अन्य सर्व वर्ज्य. दात घासायला ज्येष्ठमधाची ओली काडी. फळांत गोड आवळा. अभ्यंगाला शतपाक आणि सहस्रपाक तेल. स्नानाला पाण्याचे आठ घडे. वस्त्रांत क्षौमाची एक जोडी. तूप गाईचे, तेही शरद ऋतूतले. भात कलमसाळीचा. कोट्यवधींच्या धन्याने अंगपुसण्यापासून तुपापर्यंत केलेली ही यादी वाचताना प्रथम हसू येते, आणि मग विचार करावासा वाटतो.

या यादीत नुसती संख्या नाही, निवड आहे. ‘कोणताही एक पंचा चालेल’ असे आनंद म्हणत नाही. कोणता, ते सांगतो. कोणत्याही तुपावर तो समाधान मानत नाही, ऋतू सांगतो. ज्याला एकच ठेवायचे आहे त्याला ते पारखूनच घ्यावे लागते, कारण त्याच्या जागी दुसरे घेण्याची मुभा व्रताने काढून घेतलेली असते. उत्तम वस्तूची आवड आणि अल्प परिग्रह यांचे वैर आहे, असे आपण सहज धरून चालतो. आनंदाच्या यादीत ती दोन्ही एकाच ओळीत सुखाने नांदतात.

दिगंबर परंपरेतही या विषयाला जागा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना शेत आणि घर, चांदी आणि सोने, धन आणि धान्य, दासी आणि दास या जोड्यांनंतर एक एकटाच शब्द येतो : कुप्य. वस्त्रे, भांडी आणि घरातील इतर सामान, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. आपण परिमाण घेतो तेव्हा जमिनीचा हिशेब मांडतो, सोन्याचा तोळ्यांत मांडतो, ठेवींचा मांडतो. कुप्याचा हिशेब कोण मांडतो? तो मांडायचा म्हटला तर स्वयंपाकघरातील वरचे फडताळ उघडावे लागेल.

त्या फडताळात काय असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. लग्नांतून, वास्तुशांतींतून आणि पारण्यांतून आलेल्या स्टीलच्या वाट्या, डबे, ताटल्या. प्रत्येकीवर कुणाचे तरी नाव आणि तिथी कोरलेली. प्रभावना हा धर्माचा गौरव करणारा शब्द. पण त्या निमित्ताने वाटल्या जाणाऱ्या वस्तू पाहिल्या म्हणजे वाटते की देणाऱ्याने संख्या मोजली, वस्तू हातात धरून पाहिली नाही. इतक्या पातळ पत्र्याच्या वाटीत गरम आमटी वाढली तर बोटे भाजतात. म्हणून ती कोणी वापरत नाही, आणि नाव कोरलेले असल्यामुळे कोणी टाकतही नाही. पुढच्या पारण्याला दुसरी येते. ज्या तपस्वी भगिनीने आठ दिवस अन्न वर्ज्य केले, तिच्या तपाच्या अनुमोदनेतून शंभर घरांत शंभर निरुपयोगी वस्तूंची भर पडावी, यातली विसंगती बोलून दाखवायलाच हवी.

याच्या शेजारी आजीच्या पिढीतले तांब्याचे घंगाळ किंवा पितळेचे पातेले ठेवून पाहावे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तांबटांची वस्ती तेथे आहे आणि ठोक्यांचा आवाज आजही पूर्ण थांबलेला नाही. तांब्याच्या भांड्यावर जे ओळीने उमटलेले छोटे चकाकते ठसे दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तांबे भट्टीत तापवले की मऊ पडते. त्या मऊ पत्र्याला आकार देता येतो, परंतु तसेच ठेवले तर भांडे जरा धक्का लागला तरी चेपेल. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने, एकाला लागून एक असे ठोके दिले की धातू घट्ट होत जातो आणि भांड्याला कणखरपणा येतो. नजरेला जी नक्षी वाटते ती भांड्याची ताकद आहे. ठोका चुकला तर ओळ मोडते, आणि मोडलेली ओळ जाणकाराला लगेच दिसते. चांगल्या वस्तूचे एक लक्षण हेच असावे : तिचे सौंदर्य वरून चिकटवलेले नसते, तिच्या कामातूनच उगवते.

अशी वस्तू मालकाकडून काही मागतेही. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराने आतला मळ काढतो, कथलाचा तुकडा टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात ती चांदीसारखी झळाळी सर्वत्र पसरवतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, तांबे 1085 अंशांला. या दोन आकड्यांमधील अंतरावरच त्याची सारी कला उभी आहे. कल्हई झिजते, पुन्हा करावी लागते. वस्तू सांभाळणे हे तिच्या मालकीचाच भाग असते, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे. आणि भांडे अगदीच निकामी झाले तरी भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून वजनावर त्याचे पैसे येत. व्यापारी घराला याहून समजण्यासारखी गोष्ट कोणती? आज ज्या वस्तूंची मोड शून्य आहे, त्यांनीच आपली घरे भरली आहेत.

येथे स्टीलवर अन्याय करण्याचा हेतू नाही. चांगले स्टील ही अप्रतिम वस्तू आहे. कल्हई नको, आंबटाचे भय नको, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे. पण भांड्याच्या व्यापारात असलेल्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे की 304 आणि 202 या दोन प्रतींत मोठा फरक असतो. पहिलीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. दुसरीत महागड्या निकेलचे प्रमाण घटवून त्याच्या जागी मँगेनीज वाढवलेले. झळाळी दोन्हींना सारखीच. ग्राहक खिशातले लोहचुंबक लावून पाहतो आणि चिकटले नाही म्हणून निश्चिंत होतो. परंतु सामान्यतः दोन्ही प्रतींना लोहचुंबक चिकटत नाही. त्यामुळे ग्राहकाजवळ अखेरीस एकच कसोटी उरते, ती म्हणजे दुकानदाराचा शब्द.

हा शब्द व्रताच्या कक्षेत येतो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांबरोबर प्रतिरूपक-व्यवहार सांगितला आहे. चांगल्या मालासारखा दिसणारा हलका माल चांगल्याच्या नावाने खपवणे, हा त्याचा अर्थ. आचार्यांनी तो चोरीच्या प्रकरणात ठेवला, असत्याच्या नव्हे, याकडे लक्ष द्यावे. 202 ची कढई 202 म्हणून विकण्यात दोष नाही. गरिबाच्या घरीही कढई हवी असते. पण न सांगता विकली, तर ग्राहकाच्या खिशातून फरकाची रक्कम उचलल्यासारखेच ते आहे. आपल्या घरात उत्तम वस्तूची आवड बाळगायची आणि गल्ल्यावर मात्र ‘चालतंय तेच विका’ म्हणायचे, असे दुहेरी माप काही पेढ्यांवर दिसते. पारख ही घरापुरती ठेवायची गोष्ट आहे काय?

उपासकदशांगातच आणखी एक श्रावक आहे, सद्दालपुत्त. पोलासपूरचा कुंभार, नगराबाहेर मडक्यांच्या पाचशे दुकानांचा धनी, आणि मूळचा आजीवक मताचा. जे व्हायचे ते नियतीने होते, पुरुषार्थाला अर्थ नाही, अशी त्याची श्रद्धा. एकदा तो मडकी उन्हात वाळत घालत असता भगवंतांनी विचारले, ही कशी होतात? सद्दालपुत्ताने अगदी कारागिराला शोभेल असे उत्तर दिले : आधी माती, मग ती पाण्याने भिजवणे, राख आणि शेण मिसळणे, चाकावर चढवणे, मग नाना प्रकारची भांडी. भगवंत म्हणाले, हे सारे प्रयत्नाने होते की प्रयत्नाविना? आपल्या मताला धरून त्याने ‘प्रयत्नाविना’ असे उत्तर दिले. मग कोणी ही मडकी चोरली वा फोडली तर काय करशील, असे विचारताच तो उसळला. त्या माणसाला शिव्या देईन, मारीन म्हणाला. तेथेच त्याचे नियतिमत ढासळले. घडवण्यात प्रयत्न नाही तर फोडण्यातही नाही. मग राग कोणावर? एका श्रेष्ठ तात्त्विक प्रश्नाचा निकाल मडक्यावर लागला, आणि तोही ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडून. घडवलेल्या वस्तूत माणसाचे श्रम साठलेले असतात हे ज्याला मनापासून पटले, तो ती निष्काळजीपणे हाताळू शकत नाही आणि तिची किंमत पाडून मागण्यातही त्याला गोडी वाटत नाही.

उत्तम म्हणजे काय, याचे उत्तर मात्र आपल्याला जगाहून थोडे निराळे द्यावे लागते. कातड्याचे पाकीट कितीही सुबक शिवलेले असो, रेशमी शालू कितीही अप्रतिम विणलेला असो; ज्या शालूच्या सुतासाठी कोष जिवंत किड्यांसह उकळले गेले, त्याची सफाई श्रावकाच्या लेखी अपुरीच राहते. पूजेलाही रेशीमच नेसावे, असा आग्रह कित्येक घरांत अजून आहे. चांगल्या सुती धोतर-उपरण्याने त्या पूजेत काय उणे पडते, हे त्या घरांनीच सांगावे.

आता अवघड भाग. चांगली वस्तू मनाला धरून ठेवते. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केली नाही, मूर्च्छेवरून केली. आणि मूर्च्छा प्लास्टिकच्या मगापेक्षा मठारकामाच्या तांब्यावर अधिक सहज जडते. थोडे आणि उत्तम ठेवले की अपरिग्रह साधला, असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. दुकाने, गाळे आणि शेती यांची वाटणी दोन बैठकांत समजुतीने करणारे भाऊ आईच्या एका पितळी डब्यावरून अबोला धरतात, अशी उदाहरणे प्रत्येकाच्या नात्यात सापडतील. शंभर हलक्या वाट्या मनाला गर्दीने दमवतात, तर एक सुंदर डबा त्याला बांधून घालतो. यांतले कोणते बंधन बरे, हा प्रश्न मी सोडवलेला नाही. एवढे मात्र दिसते की पहिल्यात आपल्याला बंधन आहे हेच कळत नाही. दुसऱ्यात निदान ते कळते, आणि जे कळते त्याची आलोचना करता येते. घरातील सर्वांत आवडते भांडे शेजारच्या कार्याला मागितले असता हात किती आखडतो, यावरून आपली आपल्याला परीक्षा घेता येते.

याच संदर्भात दिगंबर मुनिराजांच्या पिच्छीकडे पाहावे. त्यांच्याजवळ पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र यांखेरीज काही नसते. तरी मूलाचारात पिच्छी कशी असावी याची पाच लक्षणे दिली आहेत : तिने धूळ धरू नये, घाम शोषू नये, ती मृदू असावी, सुकुमार असावी आणि वजनाने हलकी असावी. मोरपिसांत हे पाचही गुण आहेत, आणि पावसाळा सरताना मोर ती पिसे आपण होऊन गाळतो. सर्वस्व सोडलेल्या साधूच्या हातातील वस्तूचीही गुणवत्ता आचार्यांनी इतक्या बारकाईने ठरवली, कारण सूक्ष्म जीवाला इजा न होता त्याला बाजूला सारणे हे तिचे काम, आणि हलक्या प्रतीच्या साधनाने ते काम बिघडले असते. चातुर्मास संपल्यावर पिच्छी-परिवर्तन होते. श्रावक नवी पिच्छी अर्पण करतात, आणि वर्षभर हातात असलेली जुनी पिच्छी, ती चांगल्या स्थितीत असली तरी, मुनिराज संयमाचा नियम घेणाऱ्या एखाद्या गृहस्थाला देऊन टाकतात.