माया नगरांतला आवाज: योगायोग की योजना?

मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा इथे कुकुलकान पिरॅमिडच्या पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. क्वेत्झल पक्ष्याच्या आवाजाशी त्याचं साम्य ध्वनितज्ज्ञ डेव्हिड लुबमन यांनी १९९८मध्ये मांडलं. हा प्रतिध्वनी मुद्दाम घडवलेला असेल, या कल्पनेवरचा आक्षेप रास्त आहे: एकसारख्या पायऱ्यांची लांब रांग कुठेही असाच आवाज देईल, शिवाय इथल्या पायऱ्यांची विसाव्या शतकात डागडुजी झाली आहे. म्हणजे बांधणाऱ्यांचा हेतू सिद्ध होत नाही. पण आवाजाचं सार्वजनिक महत्त्व त्यावर अवलंबूनच नाही. बोनाम्पाक या दुसऱ्या माया नगरातल्या इ.स. ७९०च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत दरबारी सोहळ्यात लांब कर्णे, ढोल, खुळखुळे आणि कासवाची कवचं वाजवणारे वादक ओळीने दिसतात. गर्दीत मागे उभ्या असलेल्याला राजा दिसो न दिसो, कर्णा ऐकू येणारच. त्याला सोहळ्यात सामील करून घ्यायचं काम आवाजच करत असणार.