प्याला एकच का राहत नाही?

गेली अठरा वर्षे मी नागपुरात मराठी शिकवीत आहे आणि त्यातली निदान दहा वर्षे तरी मी वर्गात ‘एकच प्याला’ शिकविले असेल. आम्हां नागपूरकरांचे या नाटकाशी थोडे जवळचे नाते आहे. राम गणेश गडकऱ्यांनी देह ठेवला तो आमच्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. आणि हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले तेही त्याच वर्षी, नाटककाराच्या माघारी.

दोन वर्षांपूर्वी नाटकाचा शेवटचा अंक संपवून मी पुस्तक मिटले, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, सुधाकर एवढा हुशार वकील. बायको सिंधूसारखी. दारू वाईट हे त्याला कळतही असतं. मग त्याला ती सोडता का येत नाही?”

मी ठरलेले उत्तर दिले. “मनाचा दुबळेपणा! शोकांतिकेच्या नायकात असा एखादा दोष असतोच.” मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. घंटा झाली आणि मी लगबगीने फाटकाबाहेरच्या पानठेल्याकडे निघालो. कारण वाचकहो, तास संपला की मला खर्रा लागत असे.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी खर्रा म्हणजे काय ते सांगायला हवे. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटघोट घोटायचे आणि त्याची पुडी खिशात टाकायची. विदर्भात तो कारकून खातो, रिक्षावाला खातो आणि प्राध्यापकही खातो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हा ‘आपण काही गुटखा खात नाही बुवा!’ असे म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

त्याच वर्षीच्या, म्हणजे त्या मुलीने प्रश्न विचारला त्या वर्षीच्या, दिवाळीत चिवड्याचा पहिला घास घेतला आणि तोंडाची आग आग झाली. मी सौभाग्यवतीवर खेकसलो, “तिखट किती घातलंस!” ती शांतपणे म्हणाली, “अहो, मुलं तर खाताहेत.” लाडूसाठी तोंड उघडले, तर ते पुरते उघडेना. दिवाळीनंतर दंतवैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, “तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा.” माझी दोनच गेली. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठर होते, ती बहुधा पूर्ववत होत नाही आणि पुढे तिथेच कर्करोगाची भीती असते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मी त्या क्षणी शपथ घेतली. ती सव्वा दिवस टिकली.

मग मात्र त्या मुलीचा प्रश्न माझ्या मानगुटीस बसला. मी काही डॉक्टर नव्हे. पण वाचण्याचा उद्योग मला जमतो. मेंदूविषयी मिळेल ते वाचू लागलो.

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसविली. उंदराने दांडी दाबली की मेंदूच्या एका ठराविक भागात विजेचा सौम्य झटका बसे. उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबू लागले! मेंदूत अशी वाट असते, की जिच्यावरून गेलेले काम पुन्हा पुन्हा करावेसे वाटते. तिथे डोपामीन नावाचे द्रव्य काम करते. आपण जेवावे, तहान भागवावी, पिलांना जवळ घ्यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. दारू, तंबाखू, अफू या साऱ्या आडवाटेने येऊन याच वाटेवर चढतात.

मला अधिक चपापविले ते वुल्फ्रम शुल्ट्झ यांच्या माकडांनी. त्यांना फळांचा रस देण्यापूर्वी खूण केली जाई. आरंभी डोपामीनच्या पेशी रस मिळाल्यावर जाग्या होत. खुणेचा अर्थ कळल्यावर त्या खूण दिसताच जाग्या होऊ लागल्या आणि खूण होऊनही रस मिळाला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावत. हे वाचले आणि मी पुस्तक बाजूला ठेवले. माझी खूण म्हणजे कॉलेजची घंटा! खर्रा तोंडात पडण्याच्या कितीतरी आधी माझ्या मेंदूने तो खायला घेतलेला असे. मी ज्याला इच्छा समजत होतो, तो रोजच्या सरावाने पाठ झालेला धडा होता.

दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. माझे वडील तंबाखू खात. त्यांची चंची अजून आमच्या घरात आहे. १९७३ साली डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचे व्यसन होते, अशी मुले परक्या घरात वाढूनही इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट प्रमाणात दारूच्या आहारी गेलेली आढळली. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांवरून असे दिसले, की दारूच्या व्यसनाकडे असलेल्या ओढ्यात माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. २००८ साली तर पंधराव्या गुणसूत्रावर असा एक भाग सापडला, की त्यातील फरकाचा संबंध माणूस दिवसाला किती सिगारेटी ओढतो याच्याशी लागतो. अर्थात व्यसनाचे एकच एक जनुक नाही. लहानलहान अनेक गोष्टींची ती गोळाबेरीज आहे आणि उरलेला निम्मा वाटा घर, सोबत, दुःख आणि हाताशी असलेला पानठेला यांचा.

आता सुधाकराकडे पाहा. न्यायालयात झालेला अपमान आणि काही काळापुरती गेलेली सनद यांनी तो पोळलेला असतानाच तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. पुढे तो दारू सोडतोही. पण पुन्हा अपमान वाट्याला येतो आणि पाय जुन्या वाटेला वळतात. गडकऱ्यांपाशी उंदीर नव्हते, माकडेही नव्हती. पण सुटलेले व्यसन मनस्तापाच्या क्षणी परतते, हे त्यांनी ओळखले होते. पहिल्या प्याल्याच्या वेळी कोणाचा मेंदू अडकेल आणि कोणाचा सुटेल हे कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून सारा जोर त्या ‘एकच’ वर.

मग माणसाची काहीच जबाबदारी नाही काय? आहे, पण ती दात-ओठ खाण्याची नव्हे, वाट बदलण्याची. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर ‘मुक्तांगण’ उभे केले, तिथे व्यसनी माणसाला पापी न मानता आजारी मानले गेले. आजाऱ्याने औषध घ्यायचे असते आणि घरच्यांनी त्याची लाज धरायची नसते.

मी कॉलेजच्या मागल्या फाटकाने जाऊ लागलो. घंटा झाली की वर्गातच थांबून मुलांशी बोलू लागलो. तीन वेळा घसरलो. तिन्ही वेळा सौभाग्यवतीला खरे सांगितले, हे मात्र नवीन होते. एकदा पानठेलेवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, “का जी सर, रागावले का आमच्यावर?” मी म्हटले, “नाही बाबा, तुझ्यावर नाही.” या गोष्टीला आता अकरा महिने झाले.

सर्वांत अवघड काम राहिले होते. सतरा वर्षांच्या मुलाला समोर बसविले आणि आजोबांची चंची व माझी दोन बोटे दोन्ही दाखविली. “तुझ्या रक्तात काय आलं आहे, मला ठाऊक नाही,” मी म्हटले, “म्हणून तू पहिलीच पुडी घेऊ नकोस.” तो बराच वेळ चंचीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा, मित्र देतात. परवाच नको म्हटलं.” म्हणजे ती पुडी माझ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेली होती!

यंदा पुन्हा ‘एकच प्याला’ शिकविले. ते जुने वाक्य मुलांना उतरवून घेऊ दिले नाही. ती मुलगी आता कॉलेजात नाही. तिचे उत्तर मला द्यायचे राहिले, ते इथे लिहिले आहे.

यंदाचा चिवडा बिनमिरचीचा आहे. तोंडात अजून दोनच बोटे जातात. पण तो घास गोड लागतो.